परातीच्या काठावर ओलं बोट

जानेवारीत दिल्लीचं धुकं असं उतरतं की सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टर्सना पायाच नाहीत असं वाटावं. पिवळ्या भिंती आपल्या अधांतरी तरंगत असतात. पलीकडच्या बाजारातून कपडे विकणाऱ्यांचा पुकारा तेवढा येतो, माणूस दिसत नाही. अशा सकाळी हणमंत डोक्यावरून मफलर गुंडाळून गॅलरीत बसायचा, डावा कान रस्त्याकडे आणि उजवा भिंतीकडे करून. खुर्ची जराशी जरी सरकली तरी उठून ती पुन्हा तशीच लावून घ्यायचा. त्याची धाकटी बहीण वैभवी आतल्या खोलीत वर्तमानपत्रावर रेघा मारता मारता मान वर करून त्याच्याकडे बघायची. कुठे धुकं संपतं आणि कुठे दादा सुरू होतो, हे हल्ली तिला पटकन कळत नसे.

ही भावंडं करमाळ्याची. हणमंत परीक्षा देऊन केंद्र सरकारात चिकटला, हळूहळू वर चढला, आणि शेवटी एका थंडगार देशाच्या राजधानीत, आपल्या दूतावासात सहायक म्हणून गेला. त्या देशाचं नाव तो घेत नाही, म्हणून आपणही घ्यायला नको. लग्न दर बदलीला पुढे ढकलत गेलं आणि मग त्याचा विषयच निघेनासा झाला. तिथं चौथ्या मजल्यावर त्याला एक फ्लॅट होता. एका संध्याकाळी तो पोह्यांना फोडणी घालत उभा होता, आणि खिडकीच्या बाजूनं आवाज आला.

कसला आवाज, हे त्याला पुढं वर्षभर ज्यानं त्यानं विचारलं, आणि तो ज्याला त्याला एकच सांगायचा. पितळी परातीच्या काठावरून कुणी ओलं बोट सावकाश फिरवतंय, तसा. मोठा नाही, बारीकच. पण तो कानात शिरत नव्हता, कपाळात शिरत होता. हणमंत बाहेरच्या खोलीत गेला तर आवाज गेला, स्वयंपाकघरात परतला तर पुन्हा तिथंच. जणू कुणी ओट्यापुढं आवाजाचा खांब रोवला होता. मोहरी जळून कोळसा झाली. मग जमीन उतरती झाली आणि ती आजतागायत नीट सपाट झालेली नाही.

तेव्हापासून त्याला चक्कर यायची, कानात सतत काहीतरी कुणकुणायचं, आणि शब्द हातातून निसटायचे. किल्लीला तो "ते उघडायचं" म्हणायचा. एकदा वैभवीला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिचं नाव सापडेपर्यंत तसाच उभा राहिला. त्याला दिल्लीला परत आणलं, मेंदूचे फोटो काढले. फोटोत मेंदू अगदी देखणा आला होता. कुठं ओरखडा नाही, डाग नाही. खात्यात जो तो सहानुभूतीनं मान हलवायचा आणि पाठ वळली की म्हणायचा, यार, अकेला आदमी, बर्फाचा देश, डोक्यावर ताण, होतं असं.

आता वैद्यकीय बोर्ड बसणार होतं. हणमंताला बाहेरून काही झालं की त्याच्या मनानंच हे उभं केलं, याबद्दल तीन डॉक्टर आपलं मत देणार होते. हणमंताला त्यातलं एकच हवं होतं. तो वैभवीला म्हणाला होता, "मला वेडा ठरवू देत. पण मग वेड्याला आवाज आला असं तरी लिहू देत. आवाज आलाच नाही, असं नको." एवढं बोलून तो पुन्हा खुर्ची सरळ लावण्यात गढून गेला.

वैभवीची गोष्ट निराळी. ती यूपीएससीची मुख्य परीक्षा दुसऱ्यांदा पार करून मुलाखतीच्या दारात उभी होती. पहिल्या खेपेला ती मुलाखतीतच आपटली होती, आणि का आपटली, हे तिला करोल बागेत उल्हास सरांनी समजावून सांगितलं होतं. उल्हास सर निवृत्त अधिकारी. महाराष्ट्रातून आलेल्या पोरांच्या ते सरावाच्या मुलाखती घेत, एक पैसा न घेता. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्यांची खोली होती आणि खाली दिवसभर हॉर्न तपासून बघत. "बाई, तुम्ही मत देता," सर म्हणाले होते, "मत द्यायचं नसतं. दोन्ही बाजू मांडायच्या, मध्यम मार्ग दाखवायचा आणि हसून गप्प बसायचं."

ही विद्या वैभवीनं वर्षभर अशी काही घोटली की ती तिच्या अंगात भिनली. या पोरांचं असंच होतं. घराला आग लागली तरी आधी आगीचे फायदे-तोटे सांगतील आणि मग बादली शोधतील. भाजीत मीठ जास्त झालंय का, असं हणमंतानं विचारलं तर वैभवी म्हणायची, काही अंशी. तो हसायचा. तो हसायचा म्हणून ती पुन्हा तसंच बोलायची.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी सरांनी चर्चेला विषय टाकला: परदेशांत काही अधिकाऱ्यांना गूढ आवाज ऐकू आले आणि त्यांच्या मेंदूला इजा झाली असं म्हणतात, आवाजानं अशी इजा होऊ शकते का? दादाबद्दल वैभवीनं तिथं कुणाला चकार शब्द सांगितलेला नव्हता.

मानस तुटून पडला. तो नागपूरचा, इंजिनिअर. त्याचं म्हणणं असं की हवेतून येणारा आवाज कवटीवर आपटून परत फिरतो. मेंदूला धक्का बसेल एवढा आवाज करायचा तर आधी खिडक्या फुटतील, शेजारी लाठ्या घेऊन बाहेर येतील. एका ठिकाणचं ध्वनिमुद्रण जाणकारांनी तपासलं तर त्यात रातकिडे निघाले. रातकिड्यांनी मेंदू नासत असता तर अख्खं कोकण एव्हाना बधिर झालं असतं, असं म्हणून त्यानं सगळ्यांना हसवलं. मग जरा खाली उतरून त्यानं हेही मान्य केलं, की रेडिओलहरींचे झटके दिले तर माणसाला डोक्यातल्या डोक्यात टकटक ऐकू येते, हे शास्त्राला ठाऊक आहे. पण त्यानं इजा होते का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

अक्षता मिरजेची, शिकून डॉक्टर झालेली. तिला हसू आलं नव्हतं. ती म्हणाली, वेगवेगळ्या देशांतली माणसं एकसारखं दुखणं सांगतात; काहींचा तोल ढळलेला तपासणीत दिसला; पुढं आणखी फोटो काढले तेव्हा त्यांचे मेंदू इतरांसारखेच निघाले. पण यंत्राला दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं म्हणायला यंत्र काय देव आहे? आणि समजा आवाज नव्हताच, तरी भीतीनं मेंदूची घडी विसकटते, आणि विसकटलेली घडी खरीच असते. मनाचं दुखणं म्हणजे खोटं दुखणं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? मानसनं हात वर केले. खाली कुणीतरी ट्रकचा हॉर्न दाबून धरला आणि सगळे तो संपायची वाट बघत बसले.

मग सर वैभवीकडे वळले. तिला वाटलं, आपण आता सांगू. माझ्या भावाला ऐकू आला, एवढंच म्हणू. पण तोंड उघडलं आणि आतून वर्षभर घोटलेलं पाणी आपोआप वाहायला लागलं. या प्रश्नाला दोन बाजू आहेत, एकीकडे भौतिकशास्त्राच्या मर्यादा, दुसरीकडे रुग्णांचा अनुभव, सध्याच्या पुराव्यावरून ठाम निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल, मात्र पीडितांकडे संवेदनशीलतेनं पाहायला हवं. शेवटी ती हसलीसुद्धा. सर खूश झाले, याला म्हणतात अधिकाऱ्याचं उत्तर, असं म्हणाले. मेट्रोत बसल्यावर तिला घरातली एखादी वस्तू गुपचूप विकून आल्यासारखं वाटत राहिलं.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी पानिपताला जातात, काला अंबच्या युद्धस्मारकाला. हणमंतानं हट्टच धरला, मला यायचंय. बसमध्ये त्यानं सारा वेळ डोळे मिटून वैभवीचा दंड धरून ठेवला. तिथं उतरले तर धुक्यानं शेतं, रस्ता, बाग, सगळं पुसून टाकलेलं. विटांचा स्तंभ तेवढा मधूनच दिसायचा, मधूनच नाहीसा व्हायचा. लोक जयजयकार करत होते, कुणी तुतारी फुंकली, बायका तिळगुळाचे डबे उघडत होत्या. धुक्यात ते सारे आवाज ओल्या कपड्यासारखे जड होऊन जवळच गळून पडत. दोघं भावंडं लांबच्या एका बाकावर जाऊन बसली.

"इथं आंब्याचं झाड होतं म्हणे," हणमंत म्हणाला. "रक्तानं काळं पडलेलं. होतं का गं खरंच?"

वैभवी म्हणाली की एका मतानुसार होतं, मात्र ठोस पुरावा नाही. तो इतका हसला की त्याला बाकाची कड धरावी लागली. मग म्हणाला, "झाड नाही, पुरावा नाही, आणि बघ, किती लोक आलेत."

वैभवीला आपण कुठं बसलोय याचा विसर पडल्यासारखं झालं. वर-खाली एकच राखाडी रंग होता. समोरून माणसं नुसत्या पावलांनी चालत होती, वरचं अंग धुक्यात. तिला वाटलं, अडीचशे वर्षांपूर्वीची ती लाखभर माणसं अजून याच धुक्यात उभी असतील, घराकडची वाट विचारत, आणि कुणाला ती ऐकू येत नसतील. मग कुठूनसा एक बारीक सूर आला. लांबलचक, एकसारखा. शेतातला पंप असेल. नसेलही. ती मान न हलवता ऐकत राहिली. दादाला विचारावं असं तिच्या ओठांवर आलं, पण तिनं ते गिळलं, कारण विचारलं असतं तर तिला स्वतःलाही काहीतरी ठरवावं लागलं असतं.

तेवढ्यात त्यानंच विचारलं, "वैभे, तुझं काय मत आहे? माझ्याबद्दल. त्या आवाजाबद्दल."

तिनं डब्यातली तिळाची वडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, घे, आज गोड बोलायचं असतं. त्यानं वडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि वडी मुकाट्यानं खाल्ली. सण माणसाला किती सोयीचे पडतात ते अशा वेळी कळतं.

बोर्ड पुढच्याच आठवड्यात होतं. एका सरकारी इस्पितळातली ती उंच छताची खोली, लांब टेबल, पलीकडे तीन डॉक्टर, अलीकडे दोन खुर्च्या. हणमंताचे शब्द निसटतात म्हणून घरच्या कुणीतरी सोबत बसायचं होतं. त्याला त्यांनी बरंच विचारलं आणि तो सावकाश, हरवलेले शब्द शोधत, उत्तरं देत गेला. परात आठवेना तेव्हा त्यानं हवेत बोटानं गोल काढून दाखवला. डॉक्टर वाईट नव्हते. मधले वयस्कर डॉक्टर तर फार मऊ आवाजात बोलत होते. त्यांनीच शेवटी वैभवीकडे वळून हिंदीत विचारलं, की बेटा, तुम्ही यांच्यासोबत राहता, यांना सगळ्यात जवळून बघता. तुम्हाला काय वाटतं? यांनी सांगितलेलं खरंच घडलं असेल?

टेबलापलीकडे तीन जण, मधला वयस्कर, मऊ आवाज, तोंडावर आलेला प्रश्न. वैभवीची पाठ आपोआप ताठ झाली, हात मांडीवर आले. "सर, याला दोन बाजू आहेत," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं करोल बागेतल्यासारखंच आलं, उलट जास्तच सफाईदार. भौतिकशास्त्र आलं, रुग्णांचा अनुभव आला, घाईचा निष्कर्ष आला, संवेदनशीलता आली. डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणाले, बहुत संतुलित जवाब. आणि खरं सांगायचं तर क्षणभर, एकच क्षण, तिला आनंद झाला. शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय हे त्या क्षणात तिला आठवतही नव्हतं.

मग डॉक्टर बाजूच्या डॉक्टरांना हलक्या आवाजात म्हणाले, की घरच्यांनाही खात्री नाही. तिघांनी फायली मिटल्या.

बाहेर व्हरांड्यात हणमंत भिंतीला पाठ लावून उभा राहिला. वैभवीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो रागावेल, बोलेल, निदान तोंड फिरवेल, याची ती वाट बघत होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "छान बोललीस गं. कुठं अडखळली नाहीस. या वेळी तुझं नक्की होणार."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं सहन केला असता. तो मनापासून खूश झाला होता, वर्षभर शिकवणी लावलेल्या पोरीनं धडा न चुकता म्हणून दाखवल्यावर बाप होतो तसा. वैभवीला स्वतःची इतकी शरम वाटली की तिला तिथल्या तिथे रडू फुटलं. आणि मग तिनं ते केलं जे कुठल्याही बोर्डासमोर कुणी करू नये. न बोलावता, न विचारता तिनं दार ढकललं आणि आत जाऊन उभी राहिली.

डॉक्टर चहा घेत होते. तिनं आधी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे हिंदी आणि मराठी यांची खिचडी झाली. ती म्हणाली की मघाशी मी परीक्षेतलं उत्तर दिलं, तुम्ही ते विचारलं नव्हतं. आवाज कसला होता ते मला माहीत नाही. तो यंत्राचा होता, रातकिड्यांचा होता की त्याच्या डोक्यातला, तेही माहीत नाही. "पर उसे सुनाई दिया," ती म्हणाली. "मुझे बिल्कुल यकीन है. माझा भाऊ माझ्याशी आजवर एकदाही खोटं बोललेला नाही, आणि मी आत्ताच तुमच्यासमोर बोलले."

मधल्या डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग अगदी मऊपणे म्हणाले, बेटा, हा पुरावा होत नाही. ती म्हणाली, नाही होत, सर. नमस्कार केला आणि बाहेर आली. त्यांनी पुढं काय केलं म्हणाल तर फारसं काही नाही. कारण निश्चित सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, असं मत त्यांनी दिलं. पण ते कळायला अजून अवकाश होता, आणि त्याला त्या दुपारी काही महत्त्वही नव्हतं.

इस्पितळाच्या आवारात धुकं विरळ होऊन कोवळं ऊन पडलं होतं. शेंगदाणेवाला, व्हीलचेअरी, कोटाच्या खिशात हात घालून उभे असलेले नातेवाईक, सगळं पाण्याखाली असल्यासारखं सावकाश हलत होतं. दोघं भिंतीलगतच्या कठड्यावर बसली. मघाशी बोर्डाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं, त्यामुळे हणमंतानं सगळं ऐकलं होतं. तो उन्हाकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायची त्याला घाई नव्हती.

"वैभे," तो म्हणाला, "एक सांगू? कुणाला सांगायचं नाही."

तिनं मान हलवली.

"मलाच आता खात्री वाटत नाही. आवाज आला होता की नाही." तो थांबला, पुढचा शब्द शोधायला. "कधी कधी वाटतं, नसेलच आला. मोहरी जळाली, एवढंच झालं असेल. पण हे मी म्हणायचं कसं? मी म्हटलं असतं, तर उरलं कोण असतं?"

वैभवीला एकदम सगळं कळलं. वर्षभर हा माणूस ती एक गोष्ट एकट्यानं डोक्यावर तोलून उभा होता. दुसरा हातच लागत नव्हता, म्हणून खाली ठेवून ती नीट बघायचीसुद्धा त्याला चोरी होती. खुर्ची सरळ लावणं, तेच तेच वाक्य सांगणं, सगळं त्यासाठीच. आणि ती शेजारच्या खोलीत बसून दोन्ही बाजू पाठ करत होती.

"तू घे शंका," ती म्हणाली. "हवी तेवढी घे. खात्री थोडे दिवस मी धरते."

"आणि तुलाच शंका आली तर?"

"तर तुझ्याकडे देईन. आळीपाळीनं धरू."

त्यानं यावर काही वेळ विचार केला, एखाद्या महत्त्वाच्या फायलीवर करावा तसा. मग डोक्यावरचा मफलर काढून मांडीवर ठेवला, आणि डोकं मागं भिंतीला टेकवून, दोन्ही कान उघडे टाकून, बाहेरच्या रस्त्यावरची गाड्यांची गर्दी ऐकत बसला.